सावळाराम बी. डी.

९ जुलै १९९६, मंगळवार

मोजायला सांगितलंय! संस्था निघाल्यापासून आमच्या लोकांनी लिहिलेले सगळे शोधनिबंध मोजायचे. नुसते तेवढेच नाही — जगात कुणी कुणी आपल्या निबंधात त्यांचा दाखला दिला, तेही. असा एक दाखला म्हणजे एक सायटेशन. संचालक साहेब म्हणाले, कौसल्याबाई, ग्रंथपाल तुम्ही, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. साहेब गोड बोलायला लागले की मी सावध होते.

मग खरं काय ते बाहेर आलं. नोव्हेंबरात दिल्लीहून समिती येणार. बारामतीची मुख्य संस्था आणि तिची तीन उपकेंद्रं — कुठल्या कामाला जगात किती मान आहे, ते आकड्यांत दाखवायचं. ज्या उपकेंद्राचा आकडा तळाला, ते बंद. निबंध छापला एवढ्यावर आता भागत नाही म्हणे. कुणी वाचला ते दाखवा.

बावीस वर्षं, एकशे चौसष्ट निबंध. मला आकड्यांचं भय नाही. माझी मोजणी आजवर चुकलेली नाही. हे इथंच लिहिते, बाहेर बोलले तर शिष्ट म्हणतील.

१७ जुलै, बुधवार

सहाच्या एसटीनं पुणं. तिथल्या मोठ्या ग्रंथालयात सायटेशनची सूची आहे. दर वर्षाचे जाडजूड खंड, आतली अक्षरं खसखशीएवढी. भिंग घरून नेलं होतं म्हणून बरं. दिवसभरात एकवीस निबंध झाले. मान धरली.

रीत सोपी आहे. निबंधाच्या पहिल्या लेखकाचं आडनाव शोधायचं, पुढं नावाची आद्याक्षरं, त्याखाली निबंधाचं वर्ष आणि पान, आणि त्याखाली कुणी दाखला दिला त्यांची यादी. सगळा कारभार आडनावावर. मनात आलं, मी काही लिहिलं असतं तर कुठं सापडले असते? लग्नाआधी रणवरे, नंतर घोगरे. अर्धी इथं, अर्धी तिथं. तसं मला कोण शोधतंय म्हणा.

२४ जुलै, बुधवार

पुणं. चौतीस निबंध. डोळ्यांतून पाणी.

३१ जुलै, बुधवार

सोमवारपासून पुण्यातच मुक्काम होता. पहिली मोजणी पूर्ण. संस्थेला एकूण पाचशे सतरा सायटेशन. त्यातली बहुतेक मुख्य संस्थेची. सर्वांत वरचा निबंध एकसष्ट. संचालकांचं नाव चाळीस निबंधांवर आहे, त्यातल्या निम्म्यांना कुणी हिंग लावून विचारलेलं नाही. हे मी त्यांना कशाला सांगू? तक्त्यात दिसेलच.

नावांवरून आठवलं — निबंधावर फक्त संस्थेच्या नोकरीतल्या माणसांची नावं, असा नियम पहिल्यापासून आहे. त्यामुळे याद्या आटोपशीर आहेत. माझं काम हलकं झालं.

वाईट वाटलं ते एकाच आकड्याचं. इंदापूर उपकेंद्र — निबंध नऊ, सायटेशन चार. चारच! तिथलं सगळं काम ज्ञानदेव बनसोडे यांचं. डॉक्टर नाहीत ते, एम.एस्सी. आहेत. अठरा वर्षं इंदापूरच्या दोन खोल्या एकट्यानं चालवतात. शेळ्यांपासून माणसाला लागणारा ताप — महिनोन्‌महिने येतो, जातो, माणूस खंगत जातो — त्यावर त्यांनी उभा जन्म घातला. आणि चार.

५ ऑगस्ट, सोमवार

तक्ता दिला. साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं इंदापूरभोवती गोल काढला. मीच म्हणाले, बनसोड्यांना मी सांगून येते. कागदावरून कळण्यापेक्षा माणसाकडून कळलेलं बरं.

८ ऑगस्ट, गुरुवार

इंदापूर. दोन खोल्या, एक फ्रीज, रक्त फिरवायचं एक यंत्र, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बाहेर ओट्यावर पाच-सहा बायका बसलेल्या. एकीनं चक्क शेळी बरोबर आणलेली. सिंधुबाई नाव तिचं, नरसिंहपूरची. सात महिने ताप होता, तीन ठिकाणी मलेरियाचं औषध घेऊन झालं, सोनं मोडलं. इथं एक चाचणी केली आणि कळलं. दीड महिन्याच्या गोळ्यांनी उभी राहिली. आता ती गावातल्या दुसऱ्या बायकांना घेऊन येते.

बनसोड्यांना आत बसवून सांगितलं. ते म्हणाले, "चारच?" आणि मग, "त्र्याऐंशी सालचा पाहिलात, ताई?"

मी म्हटलं, पाहिला. बनसोडे डी. एस. — त्र्याऐंशी — शून्य. ते काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, एकदा परत बघाल का?

मला राग आला. माझ्या मोजणीवर शंका! तसं तोंडावर दाखवलंही. ते ओशाळले. असू दे, म्हणाले, आणि चहा सांगायला उठले. या माणसाच्या मवाळपणाचा मला नेहमी वैताग येतो. केंद्र बंद पडायला आलंय आणि हे चहा सांगतात.

निघताना सिंधुबाईनं गाठलं. तिनं दारातून ऐकलं असावं. "बाई, हे बंद झालं तर मंग आमी कुठं जायाचं?" पुण्याला, असं मी म्हणाले. शेळी घेऊन पुण्याला!

९ ऑगस्ट

सिंधुबाईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

पुणं. मोजणी पुन्हा तपासायला गेले होते — कबूल करायला हवं, बनसोड्यांच्या बोलण्यामुळेच. त्यांचं नाव आधी पाहिलं. शून्य ते शून्यच. मनात म्हटलं, बघा!

मग आमच्या डॉ. सावंतांची एक शंका होती म्हणून एस अक्षराचा खंड उघडला. बोट खाली सरकवत होते. सावंतच्या जरा वर एक ओळ — सावळाराम बी. डी. असलं आडनाव कधी ऐकलं नव्हतं, म्हणून थांबले. पुढं साल — त्र्याऐंशी. मासिक — लंडनचं. खंड एकतीस, पान एकशे अठरा.

ते पान मला पाठ आहे! याद्यांत पाचदा टाइप केलंय!

बनसोडे ज्ञानदेव सावळाराम. निबंधावर तसंच छापलंय. तो निबंध मी कितीदा हातात घेतला, मला त्यात काही खटकलंच नाही. शाळेच्या हजेरीपटापासून आपण सगळे असंच लिहितो — आधी आडनाव, मग आपलं, मग बापाचं. सूची करणाऱ्या साहेबाला काय माहीत? शेवटचं ते आडनाव म्हणून त्यानं घेतलं. आणि बनसोडे ज्ञानदेवचे झाले बी. डी.

मग सगळी वर्षं काढली. चौऱ्याऐंशी — तीन. पंच्याऐंशी — नऊ. एकोणनव्वद — वीस. स्पेन, केनिया, पेरू, इराण, कुठले कुठले लोक. ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हा बेरीज केली. दोनदा केली. एकशे सत्त्याऐंशी.

आमच्या संस्थेतला सर्वांत मोठा आकडा, एका निबंधाचा, इंदापूरच्या दोन खोल्यांतला. बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. आनंदानं, आणि थोडी लाजही वाटली — मोजणी चुकली होती ना!

२२ ऑगस्ट, गुरुवार

संस्थेत आज दुसरा विषय नव्हता. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "हजेरीपटासारखं नाव लिहिलं बनसोड्यानं! लंडनच्या मासिकात!" जो येईल त्याला सांगत होते. मीही दोनदा सांगितलं, रंगवून. रावजी शिपायापर्यंत सगळे हसले. गोष्टच तशी आहे.

मात्र समितीला पुरावा लागेल. सावळाराम बी. डी. आणि बनसोडे डी. एस. एकच, याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि मासिकानं शुद्धिपत्र छापायला हवं — सावळाराम नव्हे, बनसोडे, असं. प्रतिज्ञापत्र इंदापूरच्या कचेरीत करायचं म्हणून मराठीत. साहेबांनी सांगितलं, मी मुद्रांकाच्या कागदावर टाइप केलं: "माझ्या अज्ञानामुळे मी माझे नाव चुकीच्या क्रमाने लिहिले."

२६ ऑगस्ट, सोमवार

बनसोडे रजेवर, म्हणून मीच त्यांच्या गावी, अंथुर्ण्याला गेले. बसस्टँडपासून वस्ती जवळच. पक्कं घर, दारात दोन शेळ्या. त्यांची बायको शालनताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. त्यांनी चहा दिला. माझी आई या घरात पाणी प्यायली नसती. मी चहा दोनदा घेतला आणि स्वतःवर खूश झाले. लिहिताना ते खूश होणंच बोचतंय.

बनसोड्यांना आकडा सांगितला. एकशे सत्त्याऐंशी. मला वाटलं, उडी मारतील. ते खाली बघत राहिले. म्हणाले, "एवढ्यांनी वाचलं?" डोळे भरले होते. मग मी कागद पुढं केला.

त्यांनी तो दोनदा वाचला. एका शब्दावर बोट ठेवलं. "ताई, अज्ञानामुळे ऐवजी अनवधानानं करता येईल का?"

मी म्हटलं, मुद्रांकावर टाइप झालंय, आता नवा कागद, नवी तारीख, कशाला? अर्थ एकच. ते म्हणाले, बरं. पुन्हा विचारलं, "शुद्धिपत्र छापल्यावर ते नाव निघणार?" हो तर, निघणारच, मी म्हणाले, त्याशिवाय सायटेशन तुमच्या खात्यात कशी येतील? त्यांनी आत, माजघराकडं पाहिलं. मग म्हणाले, "आणि न छापता चालणार नाही?" मी सिंधुबाईचं नाव काढलं. त्यांनी पेन मागितलं.

सही करायला त्यांना वेळ लागला. मला साडेचारची गाडी गाठायची होती. मी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात त्यांचे वडील काठी टेकत बाहेर आले. सावळारामआबा, ऐंशीच्या वरचे. माझा या नावाशी इतका संबंध आला होता की मी उठून पायाच पडले! हाच तो आमचा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ, मी म्हणाले. कुणी हसलं नाही. आबांनी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला निबंध आणला. इंग्रजी सोडा, मराठीही सहीपुरती येते. पण बोट बरोबर छापलेल्या नावातल्या शेवटच्या शब्दावर ठेवलं.

"हितं माझं नाव हाय."

मी म्हटलं, हाय की आबा! लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले. मग ते बोलायला लागले. अंथुर्ण्यापासून पार मोरगावच्या माळापर्यंत ते पोरासोबत चालले होते. शेरडं धरायची त्यांनी, बर्फाची पेटी डोक्यावर त्यांच्याच. उभा जन्म शेरडामागं गेलेला. "पोरगं समद्यांचंच रगत काढाया निघालं व्हतं. मी म्हनलं, येड्या, असं कुठवर काढशील? ज्या घरचं शेरडू गाभ टाकतंय, त्याच घरात ह्यो ताप हाय. आदी शेरडाचं इचार, मंग मानसाचं." सुंभाच्या दोरीला ते गाठी मारत गेले — शेळीनं गाभ टाकलेलं एक घर, एक गाठ. ती दोरीही पेटीत आहे.

बनसोडे हळूच म्हणाले, "आबा, बाईंना गाडी आहे." मी निघाले. म्हातारा मोठा गोड आहे. मुलाच्या कामात आपलाही वाटा होता, असं वाटायला हवं असतं त्या वयात.

३ सप्टेंबर, मंगळवार

प्रतिज्ञापत्र कचेरीतून शिक्का होऊन आलं. भाषांतर जोडून लंडनला पाठवलं. रजिस्टर पोस्ट.

९ ऑक्टोबर, बुधवार

लंडनचं उत्तर. शुद्धिपत्र नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात छापतील. संपादक बाईंनी लिहिलंय की आमच्या जुन्या नोंदी आता उरलेल्या नाहीत, लेखकाची सही आहे तेवढं पुरे. पत्राची प्रत समितीच्या फायलीत लावली. बनसोड्यांना कळवलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

समिती आली. साहेबांनी तक्ता लावला. इंदापूर — निबंध नऊ, सायटेशन एकशे एक्क्याण्णव! दिल्लीचे पाहुणे पुढं सरसावून बघायला लागले. एकानं विचारलं, त्र्याऐंशीच्या निबंधातली ही नवी पद्धत काय? साहेबांनी सांगितलं — रक्त घेण्याआधी घरातल्या शेळ्यांचे गर्भपात विचारायचे, म्हणजे थोड्या चाचण्यांत बहुतेक रोगी सापडतात. पैसा नसलेल्या देशांनी ती उचलली. पाहुणे म्हणाले, साधी आणि फार हुशारीची.

आणि मग साहेबांनी हजेरीपटाचा किस्सा सांगितला. "आमचा ग्रामीण माणूस! बापाचं नाव आडनावाच्या जागी, आणि स्वतःच लिहून दिलंय — अज्ञानामुळे!" हशा झाला. बनसोडे मागं भिंतीशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हात बांधलेले. एक पाहुणे त्यांच्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, निदान आता तरी नाव लिहायला शिकलात ना? बनसोडे म्हणाले, हो सर.

मी हसत होते. बनसोड्यांकडं लक्ष गेलं तेव्हा थांबले. पण हसले होतेच.

केंद्र वाचलं. पाच वर्षं तरी. नवा फ्रीजही मंजूर! संध्याकाळी जाताना बनसोडे ग्रंथालयात आले. ताई, तुमच्यामुळे, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमचंच काम. ते म्हणाले, "माझं एकट्याचं न्हाय." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'न्हाय' पहिल्यांदा ऐकलं.

१२ डिसेंबर

सिंधुबाईनं इंदापूरहून गूळ पाठवलाय. तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

१२ फेब्रुवारी १९९७, बुधवार

लंडनचा अंक आला. शेवटच्या पानावर खाली दीड ओळ: खंड एकतीस, पान एकशे अठरा — सावळाराम बी. डी. ऐवजी बनसोडे डी. एस. असे वाचावे. दीड ओळीसाठी किती खटाटोप! पण बरोबर ते बरोबर. झेरॉक्स काढून दुपारच्या टपालानं बनसोड्यांना पाठवली.

इंदापूरला नवा फ्रीज बसवायला जागा हवी, म्हणून तिथल्या जुन्या फायली ग्रंथालयात पाठवल्यात. रावजीनं गठ्ठे माझ्या टेबलाशी रचलेत. उद्या लावीन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्र्याऐंशी सालची फाइल. एका टाचणीत तीन कागद.

आमच्याच कार्यालयाचा: श्री. सावळाराम बनसोडे हे संस्थेचे कर्मचारी नसल्याने लेखक म्हणून त्यांचे नाव देता येणार नाही.

लंडनचा: आपल्या तीन नावांपैकी आडनाव कोणते? सूचीत तेच राहील.

उत्तराची कार्बन प्रत, खाली बनसोड्यांची सही: आडनाव — सावळाराम. कृपया बदलू नये.

चूक नव्हतीच. हे समितीपुढं बोलले असते तर लबाडी ठरली असती आणि केंद्र गेलं असतं. म्हणून अज्ञान पत्करलं त्यांनी. मी टाइप केलेलं.

कालचं पाकीट आज इंदापूरला पोचलं असेल. झेरॉक्सच्या कोपऱ्यात मी माझ्या हातानं लिहिलंय — अखेर तुमचं नाव तुम्हाला मिळालं. अभिनंदन!